बेडरूम एक, आम्ही दोघी

जुलै लागला की मुलुंडच्या आमच्या कॉलेजसमोरच्या विजेच्या खांबांना कागद फुटतात. 'मुलींसाठी जागा', 'शेअरिंगमध्ये', 'सिंगल रूम, अटी लागू'. कागदाच्या खालच्या बाजूला फोन नंबरच्या चिंध्या कापलेल्या असतात. त्या ओल्या होऊन खांबालाच चिकटतात, आणि मग गावाहून आलेल्या मुली छत्री मानेत धरून नखानं एकेक चिंधी सोडवत बसतात. मी या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वर्षभर मुली मला जे प्रश्न विचारतात ते मुळं, खोडं आणि पानं यांच्याबद्दल असतात. जुलैत मात्र एक तरी मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळते आणि विचारते, "मॅम, एक पर्सनल विचारू? सिंगल घेऊ की शेअरिंग?"

मी गंभीर चेहरा करून म्हणते, "नीट विचार करून ठरव."

हे उत्तर काही कामाचं नाही, हे मला माहीत आहे. पण खरं उत्तर द्यायचं तर तिला बसवून, चहा पाजून, एका अख्ख्या पावसाळ्याची गोष्ट सांगावी लागेल, आणि तेवढ्यात तिची चिंधी दुसरीच कोणीतरी घेऊन जाईल.

तो पावसाळा माझ्या एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचा. त्याआधीची एकवीस वर्षं मी कांदिवलीत काढली होती, एका खोलीत आणि तिला लागून असलेल्या स्वयंपाकघरात. खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधे भिंत होती असं आई म्हणायची, पण ती कंबरेइतकीच होती आणि तिच्यावर मिक्सर ठेवलेला असे. आम्ही सहाजण. आमच्या झोपण्याचा एक नकाशा होता आणि तो कोणी कधी कागदावर काढला नसला तरी आजही मला डोळे मिटून काढता येईल. दाराशी पप्पा, कारण चोर आलाच तर आधी त्यांच्या अंगावर पडेल. मग माझे दोन भाऊ, उलटसुलट, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांशी. मग आई. आईच्या पलीकडे आत्या. आणि आत्या व फ्रीज यांच्यामधे जी फट उरायची, तिच्यात मी.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करायची, आणि दिवसभर इतरांची बाळं झोपवून घरी आली की स्वतः अशी झोपायची की बोअरिंगचं यंत्र खडकाला लागल्यासारखा आवाज व्हायचा. शिवाय तिचा उजवा पाय. तो झोपेत माझ्यावर यायचा आणि सकाळपर्यंत तिथंच मुक्काम करायचा. दुसऱ्या बाजूला फ्रीज. तो थोड्याथोड्या वेळानं अंग झाडून थरथरायचा आणि गप्प व्हायचा. शेजारी कोणीतरी आजारी माणूस झोपलंय असं वाटायचं.

बंद करता येईल असं दार आमच्याकडे एकच होतं, मोरीचं. त्याची कडी वाजली रे वाजली की बाहेरून कोणीतरी विचारायचंच, "झाला काय गो?" मी तेव्हा पाण्याचा मग नुकता उचललेला असायचा.

तेव्हा माझी स्वप्नं काय असतील? मैत्रिणींना परदेश दिसायचा, लग्न दिसायचं, लाल गाडी दिसायची. मला एक खोली दिसायची. तिच्यात कोणीही नसायचं. बस, एवढंच स्वप्न. मी मधोमध उभी असायचे आणि माझ्या चारही बाजूंना कोणी नसायचं.

मुलुंडला प्रवेश मिळाला तेव्हा कांदिवलीहून दोन बस आणि एक रिक्षा असा रोजचा प्रवास आठवडाभर करून मी तापानं पडले. पप्पा म्हणाले, "तिकडेच बघ कायतरी. असं रोज मरण्यापेक्षा बरं." ते दुःखानं म्हणाले की झोपायला जागा वाढेल म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

प्रज्ञा खिल्लारे मला झेरॉक्सच्या रांगेत भेटली. हिंगोलीची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, आई अंगणवाडीत. ती कमी बोलायची आणि जे बोलायची ते खिळा ठोकल्यासारखं. माझ्या अर्जाला फोटो चिकटत नव्हता तर तिनं न विचारता दप्तरातून डिंकाची बाटली काढली. मला वाटलं, प्रवासात डिंक बाळगणारी मुलगी विश्वासाची असणार. तीन दिवसांत आम्ही खांबावरची एकच चिंधी दोघींनी मिळून सोडवली आणि स्टेशनच्या पूर्वेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. घरमालकीण सामंतकाकू तळमजल्यावर राहायच्या. त्यांची मुख्य अट एकच होती: गॅलरीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, पाणी त्यांच्या तुळशीवर गळतं.

काकू किल्ली देऊन खाली गेल्या. आम्ही दोघी आपापल्या बॅगा घेऊन बेडरूमच्या दारात उभ्या राहिलो. आत काहीच नव्हतं. एक खिडकी, एक पंखा, भिंतीत एक कपाट, आणि रिकामी फरशी. इतकी रिकामी फरशी मी घराच्या आत कधी पाहिली नव्हती. तिला दार होतं. दाराला कडी होती. कडी पितळी होती.

माणसाच्या तोंडून कधीकधी असं काही निघतं की ते ऐकून आपणच मागे वळून बघतो, कोण बोललं म्हणून. मी म्हणाले, "मी इथं झोपले तर... म्हणजे एकटी... तर चालेल तुला? हॉल तसा मोठा आहे."

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"चालेल," ती म्हणाली. "सवय आहे मला."

आणि बॅग उचलून हॉलच्या कोपऱ्यात गेली. मला वाटलं, बिचारीला हॉलमध्ये झोपायची सवय आहे. किती सोयीचं! असली सोयीची रूममेट मिळायला नशीब लागतं. मी इतकी खूश होते की 'सवय' हा शब्द तिनं कसा उच्चारला, हे मला ऐकूच आलं नाही. मला ते बरोबर महिन्याभरानं ऐकू आलं.

तो महिना मी कसा घालवला हे सांगायला आज थोडी लाज वाटते. मी त्या फरशीवर गादी टाकून आधी उत्तर-दक्षिण झोपले, मग पूर्व-पश्चिम, मग तिरकी. घड्याळाच्या काट्यासारखी मी त्या खोलीत सगळीकडे फिरून झोपले. हात पसरले, कोणाच्या तोंडावर लागले नाहीत. कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. ती 'खट्ट' असा स्वच्छ आवाज करायची. दुपारी कॉलेजातून आले की उगीच एकदा खट्ट. कपडे बदलायचे असोत-नसोत, खट्ट. एकदा मी आत जाऊन, कडी लावून, भिंतीला टेकून नुसती बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "झालं नाही अजून." कोणी विचारलंच नव्हतं.

एकटेपणाचं सुख हे फार पोरकट असतं, असं मला आता वाटतं. ते सुख भोगताना माणूस कुठल्याही वयाचा असो, सात वर्षांचा होतो. आणि सात वर्षांच्या मुलाला जे दिसत नाही, ते त्यालाही दिसत नाही. मला दिसत नव्हतं की दाराच्या त्या बाजूला हॉलमध्ये एक मुलगी बसलेली आहे आणि ती प्रत्येक खट्ट मोजते आहे.

ती सकाळी लवकर उठायची आणि वरण शिजत असताना कुकरला वनस्पतींच्या कुळांची लॅटिन नावं पाठ म्हणून दाखवायची. एकेका शिट्टीला एकेक कूळ. तिचं एक ताट होतं, एक पेला होता, दोन्हींवर तिचं नाव कोरलेलं. ते ती धुऊन, पुसून, वेगळ्या फळीवर ठेवायची. मला वाटायचं, टापटीप आहे. मी मात्र ताट शोधायला हात घालायचे आणि जे पहिलं मिळेल त्यात जेवायला बसायचे. आमच्या घरात ताट कोणाचंच नसतं, धुतलेलं असेल ते आपलं. पहिल्यांदा मी तिच्या ताटात जेवत असताना ती आली आणि दारातच थांबली. मी म्हणाले, "तुझ्या लोणच्याला तोड नाही हं," आणि बोट बरणीत घातलं. दुपारी अभ्यास करताना मी तिच्या गादीवर पसरायचे, कारण हॉलमध्ये वारा बरा यायचा. तिची उशी डोक्याखाली घेऊन दोनदोन तास घोरायचे. आणि दिवेलागण झाली की उठून, आळस देऊन, आत. खट्ट.

पुढे खूप दिवसांनी प्रज्ञानं मला सांगितलं, "मला तुझा काही अंदाजच येईना. माझ्या ताटात जेवतेस, माझ्या उशीवर लाळ गाळतेस, आणि झोपायचं म्हटलं की कडी. मी सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या, पण ही तऱ्हा नवीन होती. मी घरी फोन करून पप्पांना विचारलं, याचा अर्थ काय लावायचा? ते म्हणाले, थांब, आणखी निरीक्षण कर."

गुरुजींचा सल्ला तिनं पाळला. निरीक्षण चालू राहिलं. ते संपलं ऑगस्टमधल्या एका सकाळी, माझ्या सलवारीमुळे.

मुलुंडला त्या महिन्यात आठवडाभर ऊन म्हणून दिसलं नव्हतं. गॅलरी काकूंच्या तुळशीनं अडवलेली. तेव्हा मी हॉलमध्ये या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि घरातले सगळे ओले कपडे तिच्यावर घातले. बेडरूममध्ये का नाही घातले? कारण बेडरूममध्ये घातले असते तर खोली भरल्यासारखी दिसली असती. मला ती रिकामी हवी होती. कुबट वासाचे टॉवेल, चादरी, माझे कुर्ते, सगळं प्रज्ञाच्या डोक्यावर लोंबत होतं. आणि त्या सकाळी माझी जांभळी सलवार, जी रंग सोडते हे मला माहीत होतं, ती तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर ठिबकली. महिनाभर खपून काढलेल्या पेशींच्या आकृत्या. सगळ्या पेशी जांभळ्या झाल्या.

मी दार उघडून बाहेर आले तेव्हा ती वही हातात धरून दोरीखाली उभी होती.

"तुझ्या खोलीत काऊन नाही वाळवत?" ती म्हणाली. आवाज हळू होता. "माझे कपडे लागतील तुझ्या कपड्यांना म्हणून?"

"लागतील म्हणजे?"

"म्हणजे तेच. तुला माहितेय."

"मला काही माहीत नाहीये! यार प्रज्ञा, सॉरी, वही मी काढून देते परत, सगळ्या आकृत्या..."

"वहीचं नाही बोलत मी!"

आणि मग ती बोलली. दोरीवरच्या चादरीच्या पलीकडून बोलली, त्यामुळे मला तिचे फक्त पाय दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता. नांदेडला बीएस्सीला असताना हॉस्टेलात तिला एक रूममेट मिळाली होती. छान मुलगी. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून जाळी काढली, खिडकीला पडदा लावला. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाच्या वडिलांचा फोन आला. फोन ठेवताना ती वडिलांना 'जय भीम' म्हणाली, ते त्या मुलीनं ऐकलं. संध्याकाळपर्यंत त्या मुलीची ट्रंक दुसऱ्या खोलीत गेली होती. वॉर्डनला तिनं कारण दिलं, धुळीची अ‍ॅलर्जी आहे.

"मी काय धूळ आहे?" प्रज्ञा म्हणाली. "तीन वर्षं दोन खाटांच्या खोलीत मी एकटी राहिले. दुसरी कोणी आलीच नाही. बाकीच्या म्हणायच्या, लकी आहेस बाई, सिंगल रूम मिळाली. आणि तू तर पहिल्याच दिवशी, आडनाव ऐकून झाल्यावर, हॉल मोठा आहे म्हणालीस. मी म्हटलं, ठीक आहे. ही निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली नाही. वेळ वाचला."

मी जिची एकवीस वर्षं स्वप्नं पाहिली, ती रिकामी खोली, तिला शिक्षेसारखी मिळाली होती. तीन वर्षं. हे मला तिथं उभं राहून, अर्धवट झोपेत, एका मिनिटात समजून घ्यायचं होतं. शहाणी मुलगी असते तर गप्प बसले असते. मी काय केलं? मी म्हणाले, "अगं, असं काही नाहीये! आत्या माझ्या अंगावर पाय टाकते!"

चादरीखालचे पाय माझ्याकडे वळले.

"काय?"

"आत्या. आणि फ्रीज. म्हणजे मी मधे. आम्ही सहाजण आहोत, प्रज्ञा, एका खोलीत. मला नुसतं एकटं झोपायचं होतं. तुझ्याशिवाय असं नाही, कोणाशिवायही."

तिनं चादर बाजूला केली. डोळे लाल होते, पण चेहरा पुन्हा तसाच, हललेला नाही. "कारण सगळ्यांकडे असतं," ती म्हणाली. "धुळीचं पण कारणच होतं."

ते खरं होतं. शब्दांनी हे सुटणार नव्हतं. मी खोटं बोलत नाहीये असं खोटं बोलणाराही म्हणतोच. मी म्हणाले, "रविवारी कांदिवलीला चल माझ्या घरी. जेवायला. डोळ्यांनी बघ."

ती आली. पंचनाम्याला निघालेल्या तलाठ्यासारखी आली. दोन्ही बसमध्ये एक शब्द बोलली नाही.

आमच्या दारात चपलांचा ढीग ओलांडून आम्ही आत गेलो, तर आई ओट्याशी बांगड्याच्या तिखल्याला उकळी आणत होती. "ये गो बाय, बस," ती प्रज्ञाला म्हणाली. बसायला जागा नव्हती, म्हणून पप्पा उभे राहिले. धाकट्या भावानं गादीच्या गुंडाळीवर रुमाल टाकला. मी सवयीनं माझ्या फटीकडे पाहिलं. तिथं एक टेबलफॅन, तांदळाचा डबा आणि थोरल्या भावाचं क्रिकेटचं किट. महिन्याभरात माझी जागा भरून टाकली होती.

"गाव खंयचा तुझा?" आईनं विचारलं. "आडनाव काय?"

मी आईकडे बघत होते, प्रज्ञाही आईकडेच बघत होती. ती सरळ बसली आणि म्हणाली, "खिल्लारे. हिंगोली. आम्ही बौद्ध आहोत, काकू."

आईच्या हातातला डाव थांबला. अगदी क्षणभर, पण थांबला. त्या क्षणात आईच्या मनात काहीच आलं नाही, असं मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तिच्या गावात वाड्या वेगळ्या होत्या, विहिरी वेगळ्या होत्या, हे तिनंच आम्हाला सांगितलेलं. मग डाव पुन्हा फिरला. आई म्हणाली, "बरां. मासे खातंस मां? नायतर मेलां माझा सगळा फुकट गेला."

"खाते," प्रज्ञा म्हणाली.

"मग पाट घे. आणि ह्या कार्टीक सांग, पाणी वाढ म्हणान. पावणी असल्यासारखी उभी आसा."

प्रज्ञानं तीनदा भात घेतला. तिसऱ्यांदा घेताना ती आईला विचारत होती, तिखल्यात त्रिफळं केव्हा घालायची. आत्यानं तिला बांगड्याचं डोकं कसं चोखायचं हे प्रात्यक्षिकासह दाखवलं. हिंगोलीत नदीचे मासे खाल्लेली मुलगी ती, समुद्रापुढे थोडी गांगरली, पण हटली नाही.

जेवणं झाली आणि रविवारची ती वेळ आली, जेव्हा आमच्या घरात कोणी उभं राहत नाही. आई म्हणाली, "पड गो जरा." प्रज्ञा नको नको म्हणेपर्यंत नकाशा अंथरला गेला होता. टेबलफॅन आणि किट बाहेर निघालं, डबा ओट्याखाली गेला, आणि पाहुणी म्हणून तिला घरातली सगळ्यात गार जागा दिली गेली: आत्या आणि फ्रीज यांच्या मधली.

मी आईच्या अलीकडे, भावाच्या पायांशी. तिथून मला आत्याच्या पोटाच्या टेकडीपलीकडे प्रज्ञाचा अर्धा चेहरा दिसत होता. पाच मिनिटांत यंत्र सुरू झालं. खडक लागला. प्रज्ञाचा दिसणारा डोळा मोठा झाला. मग आत्याचा उजवा पाय हवेत उठला, त्यानं क्षणभर विचार केला, आणि तो प्रज्ञाच्या मांड्यांवर उतरला. प्रज्ञानं तो दोन बोटांनी उचलून परत ठेवला. पाय परत आला. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा आला. तेवढ्यात फ्रीज थरथरला आणि ती दचकून अर्धी उठली. मग शेजारच्या मालतीकाकी आल्या. दार उघडंच असतं. त्या पप्पांवरून, भावांवरून, माझ्यावरून, आईवरून, आत्यावरून पाय टाकत, पदर खोचत, सराईतपणे फ्रीजपर्यंत गेल्या, प्रज्ञाला म्हणाल्या, "जरा पाय घे गो," फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे काढला आणि आल्या वाटेनं परत गेल्या. कोणी डोळासुद्धा उघडला नाही.

टेकडीच्या पलीकडे काहीतरी हलायला लागलं. आधी मला वाटलं, रडतेय. मी कोपरावर उठून पाहिलं. प्रज्ञा तोंडात ओढणी कोंबून हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खांदे गदगदत होते आणि आत्याचा पाय त्या गदगदण्यानं वरखाली होत होता. महिन्याभरात मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. मग मलाही आवरेना. आई डोळे न उघडता म्हणाली, "गप पडा गो, मेल्यांनू."

परतीच्या बसमध्ये, पवईचं तळं मागे पडल्यावर, ती बोलली.

"किती वर्षं म्हणालीस?"

"एकवीस."

"अगं माय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पटलं. तुझी केस खरी आहे."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माझी वाट खरी इथून लागली. कारण आता ती खोली मला गोड लागेना. मी तिरकी झोपायचे आणि मनात हिशेब चालायचा. तिला आत बोलवावं का? बोलावलं तर ती म्हणेल, कीव करते. नाही बोलावलं तर दार लावताना दर वेळी मला नांदेडची ती ट्रंक आठवणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला ती खोली अजूनही एकटीलाच हवी होती. अगदी मनापासून. चांगलं वागायची इच्छा आणि एकटं झोपायची इच्छा अशा दोन्ही माझ्या छातीवर पाय टाकून पडल्या होत्या आणि दोघीही उचलल्या जात नव्हत्या. कडी मी लावायची सोडली. मग दार वाऱ्यानं आपटायला लागलं, म्हणून त्याला पुस्तक लावलं. त्यानं काय सुटणार?

आठवड्याभरानं, एका शनिवारी दुपारी, प्रज्ञा जांभळ्या पेशींच्या जागी नव्या पेशी काढत बसली होती. निम्म्या मी काढून दिल्या होत्या, पण त्या तिला पसंत नव्हत्या. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. घसा साफ केला.

"प्रज्ञा, तू आत ये झोपायला. दोन गाद्या बसतात. मी ओढणीनं मोजलंय."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "खरंच विचारतेस?"

"खरंच."

"थांब, बघते."

आणि ती उठून खोली बघायला आली. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी बघावी तशी बघितली. भिंतीवर टकटक केली. कपाट उघडून आतला वास घेतला. पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

"खिडकीकडची बाजू कोणाला?"

मी खिडकीकडे एकदा पाहून घेतलं. "तुला."

"कपाटाचे वरचे दोन कप्पे?"

"...तुला."

"आणि मी सकाळी पाठांतर करते मोठ्यानं."

"कर. मी उठेन लवकर."

ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बरोबर तिथं, जिथं मी स्वप्नात उभी असायचे. हात कमरेवर. चारही बाजूंना एकेकदा नीट पाहिलं, तिला घाई नव्हती. मी दारात, उत्तर ऐकायला. माझ्या लक्षात आलं की मला खरंच भीती वाटते आहे, आणि ती हो म्हणेल याची की नाही म्हणेल याची, हे मला कळत नाहीये.

"नको," प्रज्ञा म्हणाली.

"काय?"

"नको मला. हॉलला वारा चांगला आहे. आणि तू झोपेत बडबडतेस, भिंतीतून ऐकू येतं. 'पाय काढ' म्हणतेस."

"अगं, पण मी एवढं..." मला चक्क राग आला. आठवडाभर झोप घालवून, खिडकी देऊन, वरचे कप्पे देऊन! "मग बघितलंस कशाला एवढं? कप्पे कशाला विचारलेस?"

ती हसली. कांदिवलीसारखं ओढणी कोंबून नव्हे, उघडं, दात दिसतील असं.

"आजपर्यंत मला कोणी विचारलंच नव्हतं गं," ती म्हणाली. "नाही म्हणायची संधीच नाही आली. एकदा म्हणून बघायचं होतं." आणि चव घेतल्यासारखी पुन्हा म्हणाली, "नको. नाही येत मी."

मग ती बाहेर गेली, गादीवर बसली आणि पेशी काढायला लागली.

आम्ही त्या घरात दोन वर्षं राहिलो. ती हॉलमध्ये, मी आत. वर्गातल्या मुली यायच्या, घर बघायच्या, आणि कोणीतरी विचारायचीच, "तुम्ही एवढ्या मैत्रिणी, मग वेगवेगळ्या का झोपता?" मी काही बोलायच्या आत प्रज्ञा सांगायची, "तिनं विचारलं होतं. मीच नाही म्हटलं." पहिल्या वर्षी ती एवढंच सांगायची. दुसऱ्या वर्षी त्यात भर पडली की मी हात जोडले होते. निरोपसमारंभाच्या दिवशी, साडी नेसून, आईसक्रीम खाता खाता तिनं पाच-सहा जणींना सांगितलं की मी उंबऱ्यात बसून रडले होते, कपाटाच्या किल्ल्या तिच्या पायाशी ठेवल्या होत्या, आणि तरीही तिचं मन द्रवलं नव्हतं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "खूप रडले होते."